चार माणसांतील मन

'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' अशी एक म्हण आपल्याकडे फार जुन्या काळापासून चालत आलेली आहे. ढवळा आणि पवळा हे दोन बैल. दोघे एका दावणीला राहिले, म्हणून काही एकाचा रंग दुसऱ्यास लागला नाही. परंतु एकाची खोड मात्र दुसऱ्याने उचलली. ही म्हण बैलांची असली, तरी ती रचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माणसेच होती, हे उघड आहे. मनुष्य चार माणसांत वाढतो, चार माणसांत बोलतो आणि चार माणसे काय म्हणतील याचा विचार करीत वागतो. त्याचे मन त्याचे एकट्याचे असते खरे, पण त्या मनाची घडण अनेकांच्या सहवासाने होत असते.

घरात मोकळ्या गळ्याने गाणारी मुलगी वर्गात उभी राहिली की तिचा आवाज कापू लागतो. एकटा असताना कधीही दगड न भिरकावणारा मुलगा चार सवंगड्यांबरोबर असला म्हणजे चिंचेच्या झाडावर सर्वांत आधी दगड मारतो. मुलगी तीच, मुलगा तोच. मग वागण्यात हा पालट कशाने झाला? अशा प्रश्नांचा पद्धतशीर शोध घेणारे एक शास्त्र आहे. त्यास सामाजिक मानसशास्त्र असे म्हणतात. चार माणसांत असताना आपले वागणे का बदलते, एका माणसाविषयी दुसऱ्याचे मत कसे बनते, एका गटाचे दुसऱ्या गटाशी वैर का जडते आणि ते कसे मिटते, हे या शास्त्राचे मुख्य प्रश्न होत. या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी जगातील अनेक विद्वानांनी प्रयोग केले. पण त्यांपैकी काही उत्तरे कृष्णेच्या खोऱ्यातील माणसांनी आपल्या कृतीने आधीच देऊन ठेवली होती. सातारा आणि सांगली हे आजचे दोन जिल्हे. १९४९ पूर्वी सांगली जिल्ह्याचा पुष्कळसा भाग सातारा जिल्ह्यातच मोडत असे, आणि मधूनमधून लहान लहान संस्थानांचे मुलूख पसरलेले होते. या भूमीतील काही उदाहरणे पाहिली, म्हणजे हे शास्त्र समजण्यास अवघड वाटत नाही.

प्रथम गर्दीचा विचार करू. गर्दी म्हटली की गोंधळ, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु आषाढी वारीच्या दिवसांत श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, तेव्हाचे दृश्य पाहावे. लोणंद, तरडगाव, फलटण या वाटेने लाखो वारकरी चालत असतात. दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो. मुक्कामी पोहोचल्यावर समाजआरतीसाठी सारे गोल करून उभे राहतात. टाळमृदंगाचा गजर आकाशाला भिडलेला असतो. इतक्यात चोपदार आपल्या हातातील दंड वर करतो, आणि क्षणार्धात तो अफाट समुदाय शांत होतो. तेथे कोणी दंड आकारीत नाही की दटावीत नाही. पहिल्यांदाच वारीला आलेला माणूस आजूबाजूच्या लोकांकडे पाहतो, ते गप्प झाले म्हणून गप्प होतो, आणि पुढच्या वर्षी तोच इतरांना वाट दाखवितो.

जे नियम कोठे लिहिलेले नसतात, पण समूहातील सर्वजण पाळतात, त्यांना सामाजिक संकेत म्हणतात. मोठी माणसे घरी आली की उठून उभे राहणे, पंगतीत सर्वांना वाढून होईपर्यंत घास न उचलणे, हे संकेतच होत. संकेतांमुळे समाजाचे रोजचे व्यवहार सुरळीत चालतात. मात्र संकेत चांगलेच असतात असे नाही. ज्या वर्गात शिकवण्याकडे लक्ष देणाऱ्याची टिंगल करण्याचा संकेत पडलेला असतो, त्या वर्गात नव्याने आलेला हुशार मुलगाही आठ दिवसांत मागच्या बाकावर जाऊन बसतो. संकेत शिकविणारी शक्ती एकच; ती वारीत शिस्त शिकविते आणि अशा वर्गात आळस शिकविते.

समूहाची ही शक्ती किती मोठी असते, हे मोजण्याचा एक प्रसिद्ध प्रयोग सॉलोमन अ‍ॅश या शास्त्रज्ञाने अमेरिकेत केला. त्याचे निष्कर्ष १९५१ पासून प्रसिद्ध होऊ लागले. प्रयोग दिसण्यात अगदी साधा होता. एका खोलीत सातआठ तरुण ओळीने बसविले. त्यांना एका कागदावर एक रेघ दाखविली आणि दुसऱ्या कागदावर कमीअधिक लांबीच्या तीन रेघा दाखविल्या. या तिन्हींपैकी पहिल्या रेघेएवढी कोणती, एवढेच प्रत्येकाने मोठ्याने सांगायचे होते. उत्तर लहान मुलासही दिसावे इतके स्पष्ट होते. परंतु त्या खोलीत एक गुपित होते. बसलेल्यांपैकी एकजण सोडून बाकी सारे शास्त्रज्ञाला सामील होते, आणि ठरल्याप्रमाणे ते मधूनमधून एकमुखाने चुकीचे उत्तर देत. खरी परीक्षा त्या उरलेल्या एकाची होती. त्याची पाळी शेवटी शेवटी येई. आपले डोळे एक सांगत आहेत आणि सारी माणसे दुसरेच सांगत आहेत, अशा पेचात तो सापडे. अशा प्रसंगी दिलेल्या उत्तरांपैकी सुमारे एकतृतीयांश उत्तरे चुकीची निघाली. सुमारे तीनचतुर्थांश तरुण निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारे सत्य सोडून इतरांच्या मागे गेले.

असे का व्हावे? नंतर विचारल्यावर काहींनी सांगितले, की इतके जण एकच सांगतात तेव्हा आपलेच काही चुकत असेल, असे त्यांना वाटले. दुसऱ्या काहींना उत्तर चुकीचे असल्याचे पक्के ठाऊक होते. परंतु आपण वेगळे पडू, लोक हसतील, या भीतीने त्यांनी होकार भरला. समूहाच्या दाबामुळे आपले मत किंवा वागणे बदलणे याला समूहानुवर्तन म्हणतात. 'लोक काय म्हणतील' या तीन शब्दांत त्याचे सारे रहस्य भरलेले आहे.

तथापि या प्रयोगाची दुसरी बाजू विसरता कामा नये. दोनतृतीयांश उत्तरे बरोबरच होती, आणि सुमारे एकचतुर्थांश तरुण एकदाही डळमळले नाहीत. शिवाय अ‍ॅशने प्रयोगात एक लहानसा बदल करून पाहिला. सामील असलेल्यांपैकी एकाने खरे उत्तर द्यावे, असे त्याने ठरविले. त्याबरोबर परीक्षा चाललेल्या तरुणाच्या चुका एकदम खाली आल्या. खऱ्याच्या बाजूने आपल्यासोबत एक जरी माणूस उभा असला, तरी मनाला केवढे बळ येते पाहा! वर्गात एखाद्या मुलाच्या बोलण्याची सारे नक्कल करीत असतात. बहुतेकांना ते मनातून आवडतही नसते, पण इतर हसतात म्हणून प्रत्येक जण हसतो. अशा वेळी 'हे बरे नाही' असे म्हणणारा पहिला विद्यार्थी एकटा दिसतो खरा. परंतु त्याच्या त्या एका वाक्याने दुसऱ्या कितीतरी जणांची जीभ मोकळी होते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. माणसाविषयी आपले मत कसे बनते? वाटेने जाणारा एखादा मुलगा पाय घसरून पडला, तर 'केवढा धांदरट!' असे आपण चटकन म्हणतो. आपण स्वतः पडलो, तर मात्र 'फरशी ओली होती' असे सांगतो. दुसऱ्याच्या चुकीचे कारण त्याच्या स्वभावात शोधायचे आणि आपल्या चुकीचे कारण परिस्थितीत शोधायचे, ही मनाची जुनी खोड आहे. 'दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही' या म्हणीत आपल्या पूर्वजांनी ही खोड नेमकी टिपलेली आहे. उशिरा आलेला विद्यार्थी आळशीच असेल असे नाही. त्याने पहाटे उठून गोठ्यातले काम उरकले असेल, किंवा त्याची बस चुकली असेल. परंतु स्वभावाला दोष देणे सोपे असते. परिस्थिती जाणून घेण्यास थोडे कष्ट पडतात.

हीच खोड एका माणसापुरती न राहता साऱ्या जमातीला लागू केली, म्हणजे तिचे स्वरूप भयंकर होते. अमुक गावचे लोक भांडखोर, तमुक जातीचे लोक कंजूष, अशा ठरीव समजुती समाजात वावरत असतात. माणूस प्रत्यक्ष भेटण्याआधीच त्याच्याविषयी बनवून ठेवलेल्या मताला पूर्वग्रह म्हणतात. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये एक कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. त्या जमातीत जन्मलेल्या मुलाने काहीही केलेले नसले, तरी त्याच्यावर संशयाचा शिक्का बसे. मोठेपणी त्याला पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे आणि परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. अशा माणसाला काम कोण देणार? आणि काम मिळाले नाही, तर पोट कसे भरणार? मग त्यांपैकी कोणी आडवाटेस लागला, की लोक म्हणत, 'पाहा, आम्ही सांगत होतो ते खरे ठरले.' प्रत्यक्षात ते खरे ठरण्यास लोकांचे वागणेही कारणीभूत झालेले असे. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला, आणि या जमातींना विमुक्त असे नाव मिळाले. कायदा एका दिवसात पुसता येतो. लोकांच्या मनांवरील शिक्का पुसण्यास मात्र पिढ्या लागतात. ते काम अजूनही पुरे झालेले नाही.

आपण एखाद्याकडून जी अपेक्षा धरतो, तिच्याप्रमाणे आपण त्याच्याशी वागतो. आणि आपण जसे वागतो, तसा तो हळूहळू घडत जातो. अपेक्षेच्या या शक्तीचा एक प्रयोग रॉबर्ट रोझेनथल आणि लेनोर जेकबसन या दोघांनी अमेरिकेतील एका प्राथमिक शाळेत केला. त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी सर्व मुलांची एक चाचणी घेतली आणि शिक्षकांस काही मुलांची नावे देऊन सांगितले, की ही मुले येत्या वर्षात विशेष प्रगती करतील. वस्तुतः ती नावे चिठ्ठ्या टाकाव्या तशी काढलेली होती! वर्षअखेरीस पाहिले तो काय, विशेषतः पहिली-दुसरीच्या वर्गांत त्या मुलांनी इतरांपेक्षा अधिक प्रगती केलेली दिसली. शिक्षकांनी त्यांच्याकडे न कळत अधिक लक्ष दिले असावे, उत्तर देण्यास अधिक अवसर दिला असावा, असा अर्थ त्यावरून काढण्यात आला. पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत अपेक्षेचा हा परिणाम पुष्कळदा लहान असल्याचे आढळले. केवळ अपेक्षेने चमत्कार घडत नाहीत. परंतु परिणाम लहान असला, तरी तो रोज घडत असेल, तर वर्षानुवर्षांत त्याचे मोल मोठे होते.

हा प्रयोग होण्यापूर्वी कितीतरी वर्षे अपेक्षेच्या शक्तीवर विश्वास ठेवून एक धाडस आपल्याच मुलखात करण्यात आले होते. औंध हे त्या काळचे एक लहानसे संस्थान. औंध गाव आज सातारा जिल्ह्यात आहे. संस्थानातील कुंडल आणि आटपाडी हे भाग आज सांगली जिल्ह्यात आहेत. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे तेथील राजे. सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून त्यांची कीर्ती होती. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी त्यांच्याच आश्रयाने कुंडलजवळच्या माळावर आपला कारखाना आणला आणि किर्लोस्करवाडी वसविली. आपल्या कारखान्याच्या व वसाहतीच्या रात्रीच्या पहाऱ्यासाठी लक्ष्मणरावांनी कोणती माणसे निवडावीत? पूर्वी गुन्ह्यांबद्दल शिक्षा भोगलेली माणसे त्यांनी कामावर ठेवली! ज्यांच्या भयाने लोक दाराला कडी लावीत, त्यांच्याच हाती त्यांनी राखणीचे काम सोपविले.

याहूनही मोठा प्रयोग पुढे १९३९ मध्ये आटपाडीजवळ सुरू झाला. राजेसाहेबांनी १९३८ मध्ये आपले अधिकार प्रजेच्या हाती देण्याचे ठरविले होते. महात्मा गांधींच्या सल्ल्याने संस्थानासाठी नवी राज्यघटना तयार झाली. या कामात राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंड देशात जन्मलेले अभियंता मॉरिस फ्रीडमन हे अग्रभागी होते. फ्रीडमन यांनी भारत हीच आपली भूमी मानलेली होती. खेड्यांनी आपला कारभार आपण पाहावा, हा जसा त्या घटनेचा हेतू, तसाच तुरुंगातील माणसालाही स्वतःवर राज्य करता यावे, असा विचार पुढे आला. त्यातून बंदिवानांची एक खुली वसाहत उभी राहिली. तिला नाव दिले स्वतंत्रपूर! कैद्यांच्या वस्तीला स्वातंत्र्याचे नाव द्यावे, यातच त्या प्रयोगाचे सारे मर्म आहे.

स्वतंत्रपूर म्हणजे भिंती नसलेला तुरुंग. खुनासारख्या गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेली माणसे तेथे आणली गेली. उंच तट नाही, पायात बेड्या नाहीत; भोवती आटपाडीचा उघडा, कोरडा माळ आणि समोर कसण्यासाठी जमीन. तेथे कैद्याला आपल्या कुटुंबासह राहता येई. पळून जाणे मुळीच अवघड नव्हते. त्याला अडविणारी गोष्ट एकच होती: आपल्यावर कोणीतरी विश्वास टाकला आहे, ही जाणीव.

या व्यवस्थेचा मानसशास्त्राच्या दृष्टीने विचार केला, म्हणजे तिच्यातील शहाणपण लक्षात येते. तुरुंगाची भिंत माणसाला रोज सांगत असते, की तू पळून जाणारा आहेस. उघडा माळ त्याला सांगतो, की तू थांबणारा आहेस. कोठडीत त्याची एकच भूमिका असते, ती म्हणजे कैद्याची. स्वतंत्रपुरात तो शेतकरी होतो, बायकोचा नवरा होतो, मुलांचा बाप होतो, शेजाऱ्याचा शेजारी होतो. समाजात आपल्या वाट्याला जी भूमिका येते, तिच्याप्रमाणे आपण वागू लागतो. आणि पुष्कळ दिवस तसे वागले, म्हणजे आपण खरोखरीच तसे बनत जातो. ज्याच्या बांधावर स्वतःच्या घामाने वाढविलेले पीक डोलते आहे आणि ज्याची मुले अंगणात खेळत आहेत, त्याला सोडून जाण्यासारखे काही नसते असे नाही. उलट, सोडून जाऊ नये असे पुष्कळ असते.

अर्थात विश्वास म्हणजे भोळेपणा नव्हे. खुल्या वसाहतीत सरसकट सर्वांना पाठवीत नाहीत. चांगली वागणूक असलेले कैदी निवडून पाठवितात, आणि तेथेही नियम असतातच. १९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झाले, तरी स्वतंत्रपूर बंद पडले नाही. महाराष्ट्र शासनाच्या कारागृह विभागाने ती वसाहत पुढे चालविली. याच प्रयोगापासून स्फूर्ती घेऊन व्ही. शांताराम यांनी 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट १९५७ मध्ये काढला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे याच माणदेशचे सुपुत्र. सहा कैद्यांचे बारा हात आणि त्यांच्याकडे विश्वासाने पाहणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याचे दोन डोळे, असा त्या नावाचा अर्थ आहे. १९५८ मध्ये बर्लिन येथील महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला, आणि आटपाडीच्या माळावरील विचार जगभर पोहोचला.

आता तिसरा प्रश्न उरला. गटागटांत वैर का जडते आणि ते कसे मिटते? मुझफर शेरीफ हा तुर्कस्तानात जन्मलेला शास्त्रज्ञ. त्याने १९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात मुलांचे एक शिबिर भरविले. मुले बावीस, वय सुमारे अकरा वर्षांचे. त्यांचे दोन गट केले. एका गटाने आपले नाव गरुड ठेवले, दुसऱ्याने खुळखुळ्या साप. प्रथम दोन्ही गट एकमेकांपासून दूर ठेवले होते. नंतर त्यांच्यात चेंडूफळी, रस्सीखेच असे सामने लावले आणि जिंकणाऱ्यास बक्षीस ठेवले. थोड्याच दिवसांत चिडवाचिडवी सुरू झाली. एकाने दुसऱ्याचा झेंडा जाळला. दुसऱ्याने पहिल्याच्या खोल्यांवर धाड घातली. मुले वाईट नव्हती. पण 'आम्ही' आणि 'ते' अशी रेघ एकदा ओढली गेली, की 'आमचे' ते सारे चांगले आणि 'त्यांचे' ते सारे वाईट दिसू लागते.

मग शेरीफने दोन्ही गटांना एकत्र जेवू घातले आणि एकत्र चित्रपट दाखविले. परंतु नुसते शेजारी बसविल्याने वैर गेले नाही; जेवणाच्या वेळी अन्नच एकमेकांवर फेकले गेले! तेव्हा त्याने वेगळी युक्ती योजिली. शिबिराचे पाणी अचानक बंद झाले; नळाची लांबच लांब वाट तपासण्यास सर्व मुलांची गरज पडली. अन्न आणण्यास निघालेली मालमोटार चालू होईना. तेव्हा रस्सीखेचीसाठी आणलेला दोरच तिला बांधून दोन्ही गटांनी मिळून ती ओढली. एकट्या गटास न साधणारे काम सर्वांनी मिळून पार पाडले, तसतसे मन निवळत गेले. परत जाताना सारी मुले एकाच गाडीतून गेली, आणि एका गटाने आपल्या बक्षिसाच्या पैशांतून सर्वांना पेय पाजले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. याच शास्त्रज्ञाने आदल्या वर्षी केलेला असाच प्रयोग फसला होता. कारण त्या मुलांची आधीच एकमेकांशी ओळख झाली होती, आणि मोठ्यांनी कितीही डिवचले, तरी ती भांडली नाहीत. गटांचे वैर अटळ नसते, हेच यावरून दिसते.

सांगलीकरांना हे सांगण्यासाठी परदेशी प्रयोगाची गरज नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुराने सांगली शहराला आणि काठच्या गावांना वेढले, तेव्हा पाण्याने कोणाचेही घर जात विचारून सोडले नाही. अशा संकटात सर्वांचे ध्येय एक होते, आणि एरव्ही न बोलणारी माणसे एकमेकांना हात देतात. परंतु पूर ओसरल्यावरही ती माया टिकावी, यासाठी काय करावे? याचे उत्तर साताऱ्यात मिळते.

भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली आणि तेथे त्यांनी वसतिगृह काढले. त्या काळी कित्येक जातींना अस्पृश्य मानून त्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर पाणीदेखील भरू देत नसत. अशा काळात भाऊरावांनी त्या जातींची आणि इतर सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली आणली. ती एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, एकाच पंगतीला जेवत आणि आपल्या श्रमाने आपले शिक्षण चालवीत. अनेक पालकांना हे रुचत नसे. परंतु भाऊराव ढळले नाहीत. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने दिले, आणि अखेरीस गळ्यातील मंगळसूत्रही दिले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले.

पुढे १९५४ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन विद्वानाने पूर्वग्रहांविषयी एक मोठा ग्रंथ लिहिला. गटागटांतील दुरावा नुसत्या भेटीगाठींनी जात नाही. त्यासाठी चार गोष्टी असाव्या लागतात, असे त्याने दाखविले. दोन्ही बाजूंचा दर्जा समान असावा. ध्येय एक असावे. ते गाठण्यासाठी सहकार्य करावे लागावे. आणि वडीलधाऱ्यांचा किंवा संस्थेचा त्यास पाठिंबा असावा. साताऱ्याचे वसतिगृह या चार कसोट्यांवर घासून पाहावे. पंगत एक, म्हणून दर्जा समान. शिकून वर येणे हे सर्वांचे ध्येय. एकाने पाणी आणावे, दुसऱ्याने भाकरी थापावी, तिसऱ्याने शेतात राबावे, असे सहकार्य. आणि पाठीशी उभे असलेले खुद्द भाऊराव! ऑलपोर्टचा ग्रंथ निघण्याच्या तीस वर्षे आधी साताऱ्यातील मुले त्यातील सिद्धांत जगत होती. त्या मुलांपैकी किती जणांच्या मनांतून भेदभाव पुरता गेला, हे मोजता येणार नाही. परंतु एका ताटाशेजारी दुसरे ताट मांडून जेवलेली मुले पुढे शिक्षक झाली आणि त्यांनी तीच पंगत गावोगावच्या शाळांत नेली.

वारीतील संकेत, अ‍ॅशच्या खोलीतील एकटा तरुण, स्वतंत्रपुरातील शेतकरी कैदी आणि साताऱ्याच्या वसतिगृहातील पंगत या साऱ्यांतून एकच गोष्ट स्पष्ट होते. माणूस कसा आहे, हे केवळ त्याच्या स्वभावावर ठरत नाही. भोवतीची माणसे त्याला कशी वागवितात, यावरही ते पुष्कळ अवलंबून असते. 'चार माणसे काय म्हणतील' याची चिंता प्रत्येकाला असते. परंतु दुसऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीने त्या चार माणसांपैकी एक आपणही असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वर्गात नवा आलेला विद्यार्थी कोपऱ्यात एकटा बसला आहे. त्याच्याविषयी कोणीतरी काहीतरी ऐकीव बोलले आहे. त्याच्यावर तो शिक्का बसवावयाचा, की त्याला आपल्या बाकावर जागा द्यावयाची, हे त्या चार माणसांनी ठरवावयाचे असते.

स्वाध्याय

१. सामाजिक संकेत म्हणजे काय? तुमच्या गावातील एक चांगला आणि एक वाईट संकेत सांगा.
२. अ‍ॅशच्या प्रयोगात एकाने खरे उत्तर दिल्यावर काय बदलले? त्यावरून कोणता बोध घ्यावा?
३. 'तुरुंगाची भिंत माणसाला रोज सांगत असते' या वाक्याचा आशय तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
४. साताऱ्याच्या वसतिगृहात ऑलपोर्टने सांगितलेल्या चार गोष्टी कशा आढळतात, ते लिहा.
५. पुढील म्हणींचा या पाठातील विचारांशी असलेला संबंध सांगा : (अ) ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. (आ) गाव करी ते राव न करी.
६. एखाद्या व्यक्तीविषयी तुमचे आधी बनलेले मत प्रत्यक्ष ओळख झाल्यावर बदलले असेल, तर तो प्रसंग दहा ओळींत लिहा.